पार्किन्सन्स: जोडीदाराचा चेहरा वेडावाकडा होतो तेव्हा (घड्याळ घेऊन बसा)

माजघर | सोमवार, रात्री ९.१२

पार्किन्सन्सच्या धाग्यांवर हातापायांबद्दल भरपूर लिहून झालंय, चेहऱ्याबद्दल मात्र तुटक प्रश्न येतात आणि तिथेच विरून जातात. म्हणून हा वेगळा धागा. नेहमी येणारे तीन प्रश्न असे: "हे बोलता बोलता जीभ बाहेर काढतात, तोंड वेंगाडतात", "ही दिवसभर काहीतरी चघळत असते, तोंडात तर काही नसतं" आणि "डोळे मिटून बसतात, झोप लागलेली नसते, उघडताच येत नाहीत". तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्यातल्या काहींवर औषध कमी करावं लागतं, काहींवर वाढवावं लागतं, आणि काहींचं पार्किन्सन्सच्या गोळीशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून हालचाल कशी दिसते याच्याही आधी ती गोळीनंतर किती वेळाने येते ते बघा. लेव्होडोपाची साधी गोळी (सिंडोपा, टिडोमेट वगैरे) घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात चढते, एक ते दोन तासांच्या दरम्यान रक्तात सर्वांत जास्त असते आणि मग उतरायला लागते. आजार जुना झाला की उतरण लवकर येते, दोन-तीन तासांतच.

गोळी पूर्ण चढलेली असताना माणूस झरझर चालतोय, हात मोकळे आहेत आणि त्याच वेळी मान हलतेय, ओठ मुरडतायत, जीभ गालात फिरतेय: हा बहुतेक वेळा डिस्कायनेशिया. हालचाल वाहती असते, ठेका नसतो, नाचल्यासारखी. उलट सकाळी पहिल्या गोळीच्या आधी किंवा पुढची गोळी लांबल्यावर जबडा आवळला जातो, तोंडाचा एक कोपरा ओढला जातो, पापण्या घट्ट मिटतात आणि दुखतं: हा गोळी उतरल्यावरचा डिस्टोनिया. पहिल्यात डोपामाइनचा (हालचालींचं मेंदूतलं रसायन, लेव्होडोपापासून तेच बनतं) जोर जास्त झालेला असतो, दुसऱ्यात कमी पडलेला. हे ओळखण्यात चूक झाली की उपाय उलटा होतो.

तिसरा प्रकार गोळी चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा येतो, मधला काळ बरा जातो. तो पायांत जास्त दिसतो, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

एक विनंती. किती मिलिग्रॅम घ्या, हे इथे कोणी कोणाला सांगू नये.

शेवग्याची_शेंग | सोमवार, रात्री १०.४०

हनुवटी आणि खालचा ओठ थरथरतो, दात एकमेकांवर कटकट वाजतात. हा डिस्कायनेशियाच का?

निवांत_पारवा | सोमवार, रात्री ११.०५

ठेका असेल तर नाही. जबड्याचा कंप हातांच्या कंपासारखाच असतो, सेकंदाला ४ ते ६ वेळा, आणि तोही विश्रांतीतला. टीव्ही बघताना दिसतो; बोलायला, चावायला किंवा तोंड उघडायला लागलं की थांबतो किंवा बराच कमी होतो. फोनवर संथ गतीचा व्हिडिओ काढला तर ठेके मोजता येतात. डिस्कायनेशियाचं याच्या उलट आहे: बोलताना, हिशेब करताना, पाहुणे आले की वाढतो. झोपेत दोन्ही थांबतात, त्यामुळे झोपेवरून या दोघांत फरक करता येत नाही.

एक सापडायला अवघड प्रकार आहे. ससा नाक-ओठ हलवतो तसे ओठ भराभर वरखाली होतात, जीभ मात्र स्थिर. हा मानसिक आजारावरच्या काही औषधांनी येतो. भास होतात म्हणून असं औषध सुरू झालं असेल तर डॉक्टरांना त्याचं नाव सांगा.

खलबत्ता | मंगळवार, सकाळी ७.२०

औषधाच्या दुकानातली बाजू मांडतो.

लेव्होडोपाने सुरुवातीला मळमळते. मग जवळच्या डॉक्टरांकडून उलटीची गोळी येते आणि नेमका तिथे घोळ होतो. मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म हे त्याचं ओळखीचं नाव) मेंदूतली डोपामाइनची दारं बंद करतं. म्हणजे एका हाताने डोपामाइन द्यायचं आणि दुसऱ्याने ते लागू पडू द्यायचं नाही. ताठरपणा तर वाढतोच, शिवाय काही महिने चाललं तर तोंड, जीभ आणि जबड्याच्या न थांबणाऱ्या हालचाली मागे राहू शकतात. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या औषधावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, त्यात १२ आठवड्यांपुढचा वापर टाळा असं म्हटलंय.

आपल्याकडे याहून लपून बसलेलं नाव म्हणजे लेव्होसल्पिराइड. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल किंवा इसोमेप्राझोलच्या जोडीला असतं. घरात तिला 'गॅसची गोळी' म्हणतात आणि औषधांच्या यादीत धरतच नाहीत. पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. चक्कर येते म्हणून दिलेलं प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), सिनारिझिन (स्टुजेरॉन), अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन आणि झोप किंवा भासांसाठीचं हॅलोपेरिडॉल ही सगळी त्याच पंगतीला बसणारी. मळमळीसाठी डोम्पेरिडोन चालतं, कारण ते मेंदूत फारसं पोचत नाही. पण हृदयाच्या ठेक्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वय जास्त असेल तर आधी ईसीजी.

यातलं काही सापडलं तर एका रात्रीत बंद न करता लिहून दिलेल्या डॉक्टरांना आणि न्यूरोलॉजिस्टला दोघांनाही दाखवा. औषध थांबवल्यावर टार्डिव्ह हालचाली काही काळ वाढलेल्या दिसू शकतात. तेव्हा घाबरून परत तेच औषध सुरू केलं जातं आणि चक्र चालू राहतं.

शेवग्याची_शेंग | मंगळवार, सकाळी ८.०२

गॅसची गोळी! आता पट्ट्याच काढून बसते.

दाढेखाली_खडा | मंगळवार, दुपारी १.३०

वरचं सगळं मान्य, पण आधी तोंड उघडून बघा. सैल कवळी हे सारखं चघळण्याचं कारण असू शकतं. दात नसलेल्या माणसांत, पार्किन्सन्स नसला तरी, जबडा आणि ओठांची चाळवाचाळव दिसते. नीट बसणारी कवळी लागली की पुष्कळांची कमी होते. उलटही होतं: डिस्कायनेशियाने जीभ सतत कवळीला ढकलते, कवळी सैल होते, हिरड्या सोलवटतात, मग दुखतं म्हणून तोंड आणखी हलतं.

घरी करायची तपासणी सोपी आहे. कवळी घालून दोन मिनिटं बघा, काढून दोन मिनिटं बघा. फरक स्पष्ट असेल तर पहिली भेट दंतवैद्याची. ती गोळी चढलेल्या वेळेची घ्या, म्हणजे तोंड नीट उघडेल. मात्र डिस्कायनेशिया जोरात असणारा तास टाळा, फिरतं ड्रिल तोंडात असताना जीभ उसळणं धोक्याचं. जिभेच्या कडेला पांढरट रेषा, गालाच्या आत चावल्याच्या खुणा आणि दातांची झिजलेली टोकं हे सगळं टॉर्चच्या उजेडात दिसतं. नोंदवून ठेवा.

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

गोळी चढल्यावर होतंय म्हणजे गोळी जास्त होतेय. मग दुपारची अर्धी करून आठ दिवस बघायला काय हरकत आहे? प्रत्येक वेळी डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत महिना जातो.

माजघर | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

उंबरठा, हरकत आहे. गोळी अर्धी केली की तोंडाचं वळणं थांबेल कदाचित, पण पाय जमिनीला चिकटतील आणि माणूस न्हाणीघरात पडेल. आणि एकदम बंद केली तर ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि भ्रम असं जिवावरचं दुखणं होऊ शकतं. त्याला रुग्णालयच लागतं.

अशा वेळी डॉक्टर सहसा काय करतात ते सांगते, म्हणजे भेटीत प्रश्न नेमके विचारता येतील. दिवसाची एकूण मात्रा साधारण तीच ठेवून चार वेळांऐवजी पाच-सहा लहान वाटे करणं. एन्टाकापोन, रासाजिलिन अशी लेव्होडोपाचा परिणाम वाढवणारी औषधं आधी कमी करणं. हळू सुटणारी सीआर गोळी दिवसा असेल तर साधी करणं, कारण सीआरचा भरवसा नसतो, दुपारनंतर साठत जाते. आणि अमँटाडिन सुरू करणं. या सगळ्यांत डिस्कायनेशियावर थेट काम करणारं हे एकच. ते सकाळी आणि दुपारी देतात, संध्याकाळी दिलं तर झोप उडते. पायांवर जाळीसारखी जांभळट नक्षी, घोट्यांना सूज किंवा भास दिसले तर कळवायचं. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्या. हेही अचानक थांबवायचं नाही.

अजून एक. हालचालीचा त्रास नक्की कोणाला होतोय? डिस्कायनेशिया असलेल्या माणसाला तो पुष्कळदा जाणवतच नाही, बघणाऱ्याला बघवत नाही. विचारलं तर बहुतेक जण सांगतात, जखडून बसण्यापेक्षा हे हलणं परवडलं. जेवण, बोलणं, झोप आणि वजन यांवर परिणाम होत नसेल तर न्यूरोलॉजिस्टही हात लावत नाहीत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तर औषध बदलायची घाई शुभंकराला असते, शुभार्थीला नसते, हे ध्यानात असू द्या.

उंबरठा | मंगळवार, रात्री ८.१०

पटलं. मग महिनाभर थांबायचं तर हातात काय असावं?

निवांत_पारवा | मंगळवार, रात्री ९.५०

तीन दिवसांची वही आणि तीन व्हिडिओ. एवढं नेलं तर दहा मिनिटांच्या भेटीतही काम होतं.

वही अर्ध्या अर्ध्या तासाची. पाच खुणा पुरतात: झोप, जखडलेला, मोकळा, मोकळा पण हलतोय (त्रास नाही), मोकळा पण हलतोय (त्रास आहे). गोळी आणि जेवण यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे. 'सकाळची गोळी' असं लिहू नका. नमुना म्हणून एक पान:

८.०० गोळी, चहा. ८.४० मोकळे, दाढी केली. ९.१५ मान डावीकडे, जीभ गालात, हसल्यासारखं तोंड. १०.१० थांबलं. ११.०० पाय जड, डावी पापणी मिटतेय. १२.०० गोळी. १२.१५ वरण-भात, दही, उसळ. १.४५ तरी जड. २.१५ मोकळे, चेहरा शांत.

या पानावरून डॉक्टरांना तीन गोष्टी कळतात. चेहऱ्याचं हलणं गोळीनंतर सव्वा तासाने आलं आणि तासभर टिकलं, म्हणजे ते शिखरावरचं. अकराची पापणी उतरणीची. आणि दुपारची गोळी जेवणातल्या प्रथिनांच्या गर्दीत अडकली, म्हणून उशिरा आणि अर्धवट चढली. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात. त्यासाठी गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने.

व्हिडिओ: फोन आडवा, छातीपासून वर चौकट, तोंड खिडकीकडे, चष्मा काढलेला. सुरुवातीला आपल्या आवाजात वेळ आणि शेवटच्या गोळीची वेळ बोला. मग या क्रमाने:

अर्धा मिनिट नुसतं बसणं. नंतर १०० मधून सात-सात वजा करत मोठ्याने सांगणं, किंवा मराठी महिने फाल्गुनापासून उलटे. डोकं कामाला लागलं की दडलेली हालचाल वर येते. तोंड उघडून १५ सेकंद, जीभ आत सैल: आतल्या आत वळवळते का बघा. मग जीभ बाहेर १० सेकंद. अंगठा प्रत्येक बोटाला भराभर लावणं, एकेका हाताने १५ सेकंद, आणि कॅमेरा मात्र चेहऱ्यावरच. डोळे घट्ट मिटून उघडणं, तीनदा. शेवटी एक घोट पाणी आणि एक लांब वाक्य.

हे तीन वेळा: गोळीच्या जरा आधी, गोळीनंतर तासा-सव्वा तासाने, आणि उतरताना. चित्रीकरण विचारूनच करा. लपून काढलेला व्हिडिओ नंतर सापडला तर पुढच्या वेळी तोंड फिरवलं जाईल.

खलबत्ता | बुधवार, सकाळी ७.१५

वहीत आणखी एक रकाना घाला: 'घरगुती'. कुहिलीच्या (खाजकुहिली, कपिकच्छू, कौंचबीज) बियांत मुळातच लेव्होडोपा असतं, साधारण ४ ते ६ टक्के. शक्तीचं चूर्ण म्हणून कोणी पाठवतं, चमचा चमचा घेतलं जातं आणि सिंडोपाच्या जोडीला ते वर चढतं. चेहरा अचानक जास्त हलायला लागला तर आधी हा डबा शोधा. वनस्पती आहे म्हणून मोजायची नाही असं होत नाही. पोटात गेलं की लेव्होडोपा ते लेव्होडोपा. लोहाची गोळी मात्र उलट करते, लेव्होडोपा शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत दोन तासांचं अंतर.

उपवासाचंही तसंच. पोट रिकामं, प्रथिनं नाहीत, गोळी सरळ आणि जोरात चढते. एकादशीला जीभ जास्त हलली तर आश्चर्य नको. वजन घटल्यावरही तीच मात्रा जास्त होऊ शकते, तेव्हा महिन्यातून एकदा काट्यावर उभं करा.

चाफ्याचं_झाड | बुधवार, सकाळी ११.२०

डोळे मिटून राहण्याबद्दल कोणी लिहिलं नाही.

माजघर | बुधवार, दुपारी ३.००

दोन गोष्टी आहेत आणि बाहेरून सारख्या दिसतात. एकात पापणीभोवतीचा स्नायू आवळतो: भुवया खाली येतात, डोळ्यांभोवती सुरकुत्या पडतात. दुसऱ्यात पापणी उचलण्याचा हुकूमच पोचत नाही: सुरकुत्या नाहीत, उलट कपाळाचे स्नायू ताणून भुवया वर जातात आणि पापणी मात्र खालीच. काहींना भुवईच्या कडेला बोट टेकवलं की डोळा उघडतो. ही युक्ती डॉक्टरांना नक्की सांगा.

आवळणाऱ्या पापणीवर बोट्युलिनम विषाची सूक्ष्म इंजेक्शनं हा चांगला उपाय आहे. प्रत्येक जागी दोन-अडीच युनिटं एवढीच सुरुवात असते, परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. पापणी तात्पुरती जास्त उतरणं किंवा डोळा कोरडा पडणं हे होऊ शकतं. दुसऱ्या प्रकारात नेम वेगळा धरावा लागतो, म्हणून हालचालींच्या विकारांचं काम नेहमी करणारा हात हवा. हे इंजेक्शन 'सौंदर्यवाल्याकडे स्वस्तात' घेऊ नये.

पापण्यांची उघडझाप कमी झाल्याने डोळे चुरचुरतात. सर्वसाधारण माणूस मिनिटाला १५-२० वेळा पापण्या हलवतो, पार्किन्सन्समध्ये हे बरंच कमी होतं. कृत्रिम अश्रूंचे थेंब कामाला येतात, पंखा तोंडावर नको.

निवांत_पारवा | बुधवार, रात्री १०.१५

थांबायचं नाही अशा गोष्टी, थोडक्यात.

तोंडाची एक बाजू अचानक पडली, हसताना कोपरा वर जात नाही, हात गळतोय, शब्द लोळतायत: हा पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन, आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पार्किन्सन्सच आहे म्हणून गोळीची वाट बघत बसू नका. एकाच बाजूला ठेक्यात झटके येत असतील तर फिट असू शकते. आणि खालच्या पापणीपासून सुरू होऊन तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत एकाच बाजूला फडफड, जी झोपेतही चालू राहते, ती चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनी दाबल्याने. तिथे घाई नसते, पण औषधाच्या वेळा बदलूनही उपयोग नसतो.

आणखी एक, हे कमी लोक सांगतात. लेव्होडोपा सुरू केल्यावर हातापायांत फारसा फरक नाही आणि चेहरा-मान मात्र एका बाजूला घट्ट ओढली जाते, शिवाय उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळतो आणि लघवीचा त्रास आहे, तर पार्किन्सन्सऐवजी एमएसए नावाचा भाऊबंद आजार आहे का, हा प्रश्न विचारा. कपाळाला कायमच्या आठ्या, डोळे विस्फारलेले, पापणी न हलता एकटक नजर आणि पहिल्या वर्षातच तोल जाऊन पाठीमागे पडणं असेल तर पीएसपी नावाचा दुसरा भाऊबंद आजार आहे का, ते विचारा. दोन्हींत गोळ्यांकडून अपेक्षा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

चाफ्याचं_झाड | गुरुवार, सकाळी ९.४०

मेंदूत तार बसवल्यावर (डीबीएस) तोंड ओढलं जाणं?

माजघर | गुरुवार, सकाळी १०.०५

विजेचा प्रवाह शेजारच्या तंतूंत पसरला की होतं. बहुधा यंत्राचे आकडे बदलल्यानंतर लगेच दिसतं, गोळीच्या वेळेशी संबंध नसतो. रिमोटवर स्वतः काही करू नका, आकडे बदलल्याची तारीख सांगून केंद्रात फोन करा.

शेवग्याची_शेंग | गुरुवार, रात्री ९.३०

पट्ट्या बघितल्या. लेव्होसल्पिराइड नाही निघालं. पण एक वेगळंच विचारते: गिळायला त्रास होतो म्हणून रात्रीची सीआर गोळी कुटून मधातून देतात. पहाटेपर्यंत पुरत नाही, आणि दिल्यानंतर तासाभरात तोंड फार हलतं. यात काही आहे का?

खलबत्ता | गुरुवार, रात्री ९.४८

त्यातच सगळं आहे. सीआर म्हणजे हळूहळू सुटण्यासाठी बांधलेली गोळी. कुटली की ती बांधणी मोडते, रात्रभराचं औषध एकदम सुटतं. म्हणून आधी शिखर, मग पहाटे खड्डा. मधावर राग नाही, दोष कुटण्याचा. चावायचीही नाही. गिळणं जमत नसेल तर पाण्यात विरघळणारा प्रकार मिळतो का, किंवा साधी गोळी वेगळ्या वेळांना बसवता येते का, हे डॉक्टरांना विचारा. आणि गिळण्याच्या तपासणीसाठी वाचा-उपचारतज्ज्ञांची चिठ्ठीही त्याच भेटीत मागा. भेट लांब असेल तर उद्या सकाळीच दवाखान्यात फोन करून एवढंच वाक्य सांगा: "सीआर कुटून देत होतो."

शेवग्याची_शेंग | गुरुवार, रात्री ९.५१

फोन करते. वहीत लिहिलं: ९.०० सीआर, कुटलेली. १०.०५ जीभ.